चकाचक

पॉलिशचे वीस रुपये मी मुकाट्याने दिले. का दिले, ते अजून कळलेलं नाही.

आजोबांच्या चुन्याच्या डबीत चांदीचं एक नाणं निघालं. अंगठ्याच्या नखाएवढं, काळंमिचकूट. भिंगाखाली धरलं तर तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, आणि डोंगराआडून कुणाचं तरी नाक डोकावत होतं. त्या नाकाने माझी झोप उडवली. ते क्षत्रप राजा नहपानाचं. सुमारे १९०० वर्षांपूर्वी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला युद्धात हरवलं आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपला ठसा हाणला. १९०६ साली आपल्याच नाशिक जिल्ह्यात, जोगलटेंभीला, अशा नाण्यांचं घबाड सापडलं. १३ हजारांहून जास्त नाणी, त्यातली ९ हजारांवर अशी दुहेरी ठशाची. म्हणजे लाखाबिखाची गोष्ट नव्हे, हे मलाही ठाऊक होतं. पण खरं की ओतीव नक्कल, आणि साधारण किंमत काय, एवढं तरी कळावं म्हणून मी सराफ बाजारात गेले. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची अख्खी संस्था आहे, तिथे आधी जायचं सुचलं नाही. सराफ बाजारातून येताना भाजीही घेता येते, हा माझा विचार. भोगा.

शेठनी नाणं काट्यावर टाकलं. "दोन ग्रॅम. घट जाऊन मिसळीच्या दोन प्लेटी सुटतील."

"विकायचं नाहीये. त्यावर दुसरा ठसा आहे, तो बघा ना."

तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरचे काका वळले. मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी, हातात बायकोचं तुटकं पैंजण. माझ्या हातातलं भिंग त्यांनी न विचारता घेतलं आणि नाण्याऐवजी आधी पैंजणाची कडी बघितली.

"ताई, हे नाव खोडून पुन्हा घातलंय," ते म्हणाले.

मी गारच पडले. इतकं अचूक वर्णन मला आठवडाभर वाचूनही जमलं नव्हतं. पण काकांना अभिप्रेत होता स्टीलचा डबा. "आमच्या मेहुण्याने असाच डबा दिला होता. खाली 'कुलकर्णी परिवाराकडून', वर त्याचं नाव. असला माल निम्म्या किमतीचा."

"काका, हे सातकर्णीने केलंय. लढाई जिंकल्यावर."

"जिंकल्यावर नवीन पाडता येत नव्हती? राजा ना तो?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशीकडेही नाही, तिच्या फडताळात असे सहा डबे आहेत.

मग मीच चुकले. पांडवलेण्यांचा विषय काढला. नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, तिथे कोरून ठेवलंय की गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे संघात, त्याने २,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले, व्याजातून भिक्षूंना कपडे मिळावेत म्हणून. काकांनी पैंजण खाली ठेवलं.

"व्याज काय?"

"महिना शेकडा एक."

"म्हणजे वर्षाला बारा टक्के!" काका उभेच राहिले. मेथीची एक जुडी खाली पडली. "कुठली पतसंस्था ही? अजून घेतात का?"

पुढची दहा मिनिटं पतसंस्थेत बुडलेल्या ठेवींवर गेली. त्यात मीही हिरिरीने बोलले, कारण माझेही बुडालेत, आणि ते कुठल्याच लेण्यात कोरलेले नाहीत. मग काका वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्यावर आले. ते म्हणे लाखाला जातं, मोबाईलवर आलंय. ह्या गावात नोटा छापतात, नाण्यांचा अभ्यास करणारी माणसं आहेत, आणि माहिती मात्र सगळ्यांना मोबाईलवरचीच. शेवटी आवाज खाली करून म्हणाले, "सरकारजमा होईल हां." जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे खरा. दहा रुपयांत आता मेथीची जुडीही येत नाही. आणि हे जमिनीत नव्हे, चुन्यात सापडलं होतं.

हे पटवून देण्याच्या भरात माझं लक्ष काउंटरवरून उडालं. वळून पाहिलं तर नाणं नाही. मागच्या मोरीवर शेठचा पोरगा रिठ्याच्या पाण्यात बुडवून पितळी ब्रशने काहीतरी खसाखसा घासत होता.

जुन्या नाण्यावरचा काळा थर म्हणजे त्याचं वय. घासलं की किंमत पडते. हे मी ओरडून सांगितलं की मनात म्हटलं, आठवत नाही. पोरगा हसत आला. "चकाचक झालं ना ताई?"

झालं होतं. डोंगर लखलखत होता. नाक गेलं होतं. सातकर्णीला जे पूर्ण जमलं नाही, ते ह्याने दोन मिनिटांत उरकलं. काका म्हणाले, "आता कसं बघण्यासारखं दिसतंय!"

"पॉलिशचे वीस," शेठ म्हणाले.

मी पन्नासची नोट दिली. परत आलेल्या दहाच्या तीन नोटांपैकी एकीवर निळ्या पेनाने कुणीतरी ठळक 'सुरेश' लिहिलं होतं. मी ती काउंटरवर सरकवली.

"ही नको. लिहिलेली आहे."

"चालते हो ताई," शेठ म्हणाले.