ग्लास्टनबरीचा चिखल आणि ‘जाड चाकांची ट्रॉली’

मे महिना लागला की इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा असा: ‘फेस्टिव्हलला जाताय? चिखल असणारच. जाड चाकांची, घडी होणारी चारचाकी ट्रॉली घ्या. जाड चाक रुतत नाही. चार चाकं असल्यामुळे ओढायला हलकी. 100 किलो पेलते. चाकं भरीव, म्हणजे पंक्चरची भानगड नाही. सगळं सामान एका खेपेत तंबूपर्यंत. आणि स्वस्तातली घेतलीत तर परत आणायचीही गरज नाही.’

कोरड्या वर्षी यातलं बरंचसं खपून जातं. 2019 किंवा 2023 सारख्या उन्हाळ्यात ग्लास्टनबरीला (सॉमरसेटमधल्या एका शेतावर भरणारा, तंबूत राहून ऐकायचा संगीत महोत्सव) काहीही ओढत नेलं तरी पोचत होतं. पण हा सल्ला स्वतःच चिखलाचं नाव घेऊन फिरतोय, तर त्याला चिखलाचंच माप लावू. 1997, 1998, 2005, 2007, 2016 ही तिथली चिखलाची गाजलेली वर्षं. 2016 ला तर बुधवारी गेट उघडल्यापासूनच भिजलेल्या पार्किंगमुळे बाहेरचे रस्ते तुंबले होते आणि पोलीस लोकांना उशिरा निघायला सांगत होते. त्याच जूनमध्ये डॉनिंग्टन पार्कचा डाउनलोड हा रॉक संगीताचा फेस्टिव्हलही चिखलात बुडाला होता.

‘जाड चाक रुतत नाही.’ सगळा सल्ला या एका वाक्यावर उभा आहे आणि हे वाक्य वाळूवरून उचललेलं आहे. समुद्रकिनाऱ्यावर ते बरोबर आहे. कोरडी वाळू चाकाला चिकटत नाही, वजन जास्त जागेवर पसरलं की चाक वर राहतं. सॉमरसेटमधल्या त्या शेताची माती मात्र जड आणि चिकण. पाऊस थांबल्यावर पातळ रबडीचा गोंद व्हायला लागतो, आणि खरा त्रास तेव्हा होतो. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या रानातून पावसाळ्यात सायकल नेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चार पावलांत टायर आणि मडगार्डच्या मध्ये माती ठासून बसते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ट्रॉलीचं चाक 10 सेंमी रुंद असलं तर ते तितकीच जास्त माती उचलतं, आणि चाक व सांगाडा यांच्यात फट जेमतेम बोटभर. थोड्या वेळाने चाकं फिरत नाहीत, नुसती घसटत येतात.

चिखलात रुंदीपेक्षा चाकाची उंची जास्त कामाची. दुकानातल्या बहुतेक घडीच्या ट्रॉल्यांची चाकं साधारण 18 सेंमी व्यासाची असतात. म्हणजे चाकाची आस (ॲक्सल) जमिनीपासून 9 सेंमीवर. चाक तेवढं रुतलं की आसच चिखलात, आणि त्यानंतर तुम्ही गाडी ओढत नसता, नांगर ओढत असता. एकचाकी बांधकामगाडीचं चाक 40 सेंमीच्या आसपास असतं. आता दुसऱ्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीची 5 सेंमीची कड घ्या. ती टणक आहे आणि तुम्ही सरळ आडवं ओढताय असं धरा. चाकावर 15 किलो भार असेल तर 18 सेंमीचं चाक त्या कडेवर चढवायला साधारण 30 किलोची ओढ लागते. 40 सेंमीच्या चाकाला लागते 13 किलोची. भार तोच, कड तीच, ओढ निम्म्याहून कमी. हे शाळेतल्या तरफेचं गणित आहे. टायर किती जाड याचा त्यात संबंधच येत नाही.

‘चार चाकं म्हणजे ओढायला हलकी.’ डांबरावर, हो. चारही चाकांवर वजन वाटलं जातं आणि हाताला काही उचलावं लागत नाही. पण चिखलात पुढची दोन चाकं दांड्याबरोबर वळतात आणि वळताना समोरचा चिखल बाजूला लोटत जातात. दांडाही बहुधा आखूड, त्यामुळे उतारावर ट्रॉली तुमच्या टाचांवर येते. दोन मोठ्या चाकांच्या गोणी-ट्रॉलीत (पोती न्यायची उभी हातगाडी) किंवा एकचाकीत थोडं वजन हातावर येतं, हे मान्य. पण रुतणारी चाकं कमी होतात, आणि चाक अडलं तर दांडा उचलून ते मोकळं करता येतं. एकचाकी खड्ड्यातून नेताना ढकलू नका, आपण पुढे होऊन तिला मागे ओढत न्या. ढकलताना जोर खाली जमिनीकडे जातो आणि चाक आणखी रुततं, ओढताना ते वर यायला बघतं. बांधकामावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

100 किलोंची गोष्ट थोडक्यात. तो आकडा सांगाडा मोडत नाही याचा आहे, तुम्ही ती ओढू शकाल याचा नाही. डांबरावर 60 किलोची ट्रॉली एक-दीड किलोच्या ओढीने चालते. मऊ ओल्या मातीत तीच ओढ दहा-पंधरा किलोंवर सहज जाते, चढ असेल तर आणखी वर. आणि हे चाक मोकळं फिरत असताना.

भरीव चाकांच्या दाव्यात मात्र अर्धं तथ्य आहे. तंबूच्या खुंट्या, तुटक्या तारा, दाबलेले कॅन यांतून हवेचा टायर नेणं धोक्याचं, आणि पंक्चर झाला तर तिथे कुणी पॅच लावून देत नाही. पण भरीव प्लॅस्टिकचं चाक अजिबात दबत नाही, सुरीसारखं कापत जातं. हवेच्या टायरची हवा थोडी कमी केली की तळ पसरतो. यातही एक मेख आहे: छोट्या ट्रॉलीच्या टायरची भिंत इतकी ताठ असते की 15 किलोच्या भाराखाली हवा कमी करूनही फारसा फरक पडत नाही. हा फायदा पुन्हा मोठ्या चाकालाच. आत फोम भरलेलं 40 सेंमीचं चाक मिळालं तर ते घ्यावं. थोडं जड असतं, पण वाटेत दगा देत नाही.

‘सगळं सामान एका खेपेत.’ माझा खरा राग या वाक्यावर आहे, कारण माणूस ट्रॉली घेतो आणि मग ती भरायला सामान शोधतो. गॅझेबो (सावलीसाठी उभारायचा छोटा मांडव), घडीच्या चार खुर्च्या, बर्फाची पेटी, आणि वर ‘असू दे’ म्हणून आणखी एक गादी. 440 मिलिलिटरचे 24 कॅन म्हणजे 11 किलो. पाणी तर न्यायचंच नाही, आत जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. रिकामी बाटली पुरते. काचेच्या बाटल्यांना आत बंदीच आहे, तेव्हा लोणच्याची बरणी आधीच प्लॅस्टिकच्या डब्यात रिकामी करा. (मेतकूट आणि भाजलेला रवा वजनाला हलके, पोटाला चांगले, आणि चिखलात पडले तरी पिशवी पुसून चालतात.)

पार्किंगपासून तंबूपर्यंत बरंच चालावं लागू शकतं, आणि आवार शेकडो एकरांचं. पण त्यातला सगळा रस्ता चिखल नसतो. शेतातले पक्के रस्ते आहेत, तात्पुरते अंथरलेले धातूचे पत्रे आहेत, मधून जुन्या रेल्वेमार्गाची वाट जाते. ट्रॉलीचं काम तिथपर्यंतच. पक्क्या वाटेच्या जवळ तंबू लावता आला तर शेवटचे दोनशे मीटर दोन खेपांत पाठीवरून न्या. चार जण असाल तर एक जण सामानाशी थांबेल. जड सामान तळाशी आणि चाकाच्या वर ठेवा, वरून पट्ट्याने आवळा. हाताशी एक काठी ठेवा, चाकातली माती खरवडायला. हे सगळं जमत नसेल तर पाठीवरची चांगली सॅक कुठल्याही ट्रॉलीपेक्षा वेगाने पोचते, कारण पायांना आस नसते.

आता ते शेवटचं, ‘स्वस्तातली घ्या आणि तिथेच सोडून या’. ग्लास्टनबरी जिथे भरतं ते वर्दी फार्म ही दुभत्या गाईंची चालती शेती आहे. 1970 मध्ये पहिला फेस्टिव्हल झाला तेव्हा एक पौंडाच्या तिकिटात गोठ्यातलं दूध फुकट मिळत होतं. लोक गेल्यावर त्याच कुरणांत गाई परत चरायला येतात. गवतात राहिलेली खुंटी, तुटलेल्या ट्रॉलीचा स्क्रू, तारेचा तुकडा गाय चाऱ्याबरोबर गिळते आणि तो तिच्या पोटात रुततो. म्हणून सफाईची माणसं त्यानंतर शेतं पिंजून काढतात. वाकलेल्या आसाची ट्रॉली पार्किंगपर्यंत परत ओढणं जिवावर येतं, हे खरं. पण ती वाकली याचं कारण तिच्यावर 100 किलो रचले होते. 2026 ला ग्लास्टनबरी नाही, शेताला विश्रांती आहे. तेव्हा यंदा तो सल्ला आला तर खरेदीची घाई कुणालाच नाही. शेजारच्याकडे बागकामाची एकचाकी आहे का, ते आधी विचारा, आणि तिच्या चाकाला मोजायची टेप लावून बघा.