फुकटात केस ठोकणारे

आमच्या ग्वाल्हेरच्या घरच्या ग्रुपवर सध्या बाळूदादा पेटला आहे. दादा माझा आतेभाऊ, वकील, एका फायनान्स कंपनीच्या पॅनलवर. त्याचं म्हणणं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी नाही, म्हणून हप्ते थकवलेला कोणीही उठतो आणि वसुलीवाल्याने छळलं म्हणून केस ठोकतो. अशांना जबर दंड हवा. शेवटी खास माझ्यासाठी : "तुमच्या अमेरिकेत तर कॉफी सांडली की करोडपती!"

मॅकडोनाल्ड्सची गरम कॉफी सांडून केस करणाऱ्या त्या ७९ वर्षांच्या बाईंचं अंग इतकं भाजलं होतं की कातडी लावावी लागली, आणि आधी त्यांनी कंपनीकडे वीस हजार डॉलरच मागितले होते. हे इथल्यांनाही ठाऊक नसतं, तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसलेल्या दादाला कुठून असणार!

दादाला हवी ती वेसण इथे १९७७ पासून आहे. त्या साली वसुली एजन्सीजसाठी कायदा झाला. एजन्सीने नियम मोडला तर नुकसानभरपाईखेरीज हजार डॉलरपर्यंत आणि वकिलाची फी ग्राहकाला मिळते. केवळ छळायला खोटी केस केली असं कोर्टाला दिसलं, तर एजन्सीच्या वकिलाची फी ग्राहकाच्या बोकांडी बसू शकते. ते हजार डॉलर आजही हजारच आहेत, त्यांना कोण भितो? भीती असते ती वकिलाच्या फीची. ती मिळते म्हणूनच छोट्या माणसाची केस घ्यायला वकील उभा राहतो. वरून आणखी दंड लावलात, तर आधी हा वकील पळेल. थापाड्या पळेलच असं नाही.

त्यात २०२१ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने क्रेडिट रिपोर्टच्या एका प्रकरणात प्रत्यक्ष नुकसान दाखवा म्हटलं. झालं, एजन्सीजविरुद्धच्या कितीतरी केसेस फेडरल कोर्टातून बाहेर. पत्र वाचून माणूस गोंधळला, घाबरला, हे बऱ्याच न्यायाधीशांच्या लेखी नुकसानच नाही.

आणि कोर्टं भरतात कुणामुळे? आमच्या ह्यूस्टनच्या जेपी कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, एक सकाळ बसा. बँकेने कवडीमोलाने विकलेलं कार्डाचं जुनं कर्ज, ते विकत घेणारी कंपनी, एकाच साच्यातले दावे, समोरचा गैरहजर, निकाल एकतर्फी. टेक्ससमध्ये अशा कर्जासाठी दावा करायची मुदत चार वर्षं. पण ती संपली हे सांगायला हजर तर राहायला हवं. या दाव्यांना कोणी थिल्लर म्हणत नाही. तिकडे चेक बाउन्सचे खटले इतके साचले की २०२० मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाला स्वतःहून लक्ष घालावं लागलं. ते कोण ठोकतं, माझी मावशी की दादाचे अशील?

दादा रिझर्व्ह बँकेचा नियम तोंडावर फेकतो : सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नाही. इथे रात्री नऊपर्यंत चालतो, म्हणजे कागदावर तुम्ही कडक. पण मोडला तर? आधी बँकेत तक्रार, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, मग वाट बघा.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे दौलतगंजातल्या आमच्या घरात शुभंकरोतीसारखं ऐकलं. ते सामानाबरोबर इथेही आलं. इन्शुरन्सने भरलेल्या हॉस्पिटलच्या बिलासाठी एक एजन्सी माझ्या मागे लागली, तेव्हा तीस दिवसांच्या आत मी लेखी हरकत पाठवली आणि फोन थांबले. ऑफिसातली मंडळी म्हणाली, केस कर, हातात आलेली आहे. तेव्हा मी एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर होतो. पाहुण्याने यजमानाच्या दारात भांडू नये, असं काहीसं वाटलं. आता पासपोर्ट इथलाच आहे, वाटणं मात्र तेच. आणि ग्वाल्हेरला गेलो की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) दाखवणारा मी तिथलाही पाहुणाच. भांडायचा हक्क उरलाय तो ग्रुपवर.

मावशीचे फ्रिजचे हप्ते केव्हाच फिटलेत, तरी तिला फोन येतात. मी सांगितलं, तक्रार कर, फी लागत नाही. दादाने खाली लिहिलं, "सांगून तू झोपशील. तारखेला तिला स्कूटरवर घेऊन मीच जाणार."