चुना कुणी लावला?

नेरूळच्या आमच्या रो-हाऊसला कंबरेएवढी कंपाउंडची भिंत आहे. मे महिन्यात पेंटरकडून तिला चुना मारून घेतला. पाऊस लागून तीन आठवडे होतात न होतात, तोच खालच्या बाजूने चुना गायब व्हायला लागला. तोही सरळ पोपडे सुटून नाही. वेड्यावाकड्या वळणांचे पट्टे, जणू रात्री बसून कुणी मोडी गिरवतंय. मी पेंटरला फोन लावला. "चुना मारलात की नुसतं पाणी?" तो बिचारा शपथा घ्यायला लागला. मी ऐकलं नाही. त्याने मला चुना लावला, अशी माझी खात्रीच झाली होती.

एका रात्री अकरा वाजता गेटला कुलूप लावायला गेलो. चपलेखाली 'कर्र' झालं. टॉर्च मारला तर भिंतीवर सतरा गोगलगायी. एकेक शंख लिंबाहून मोठा. वाकून कान दिला, तर पॉलिश पेपर घासल्यासारखी बारीक खरखर. माझी भिंत खाल्ली जात होती आणि मला ती ऐकू येत होती.

शंख वाढवायला त्यांना कॅल्शियम लागतं, ते त्या चुन्यातून, प्लास्टरमधून मिळवतात. जिभेवर हजारो बारीक दात असतात. 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणणाऱ्यांनी पाय मोजले, दातांकडे कुणी बघितलंच नाही. शिवाय ही आफ्रिकेची पाहुणी. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली म्हणे. कलकत्ता ते नेरूळ, तेही गोगलगायीच्या चालीने! चिकाटी मानली पाहिजे.

शेजारचे नाना म्हणाले, "मीठ टाका." दोन किलो टाकलं. गोगलगायी फेसाळून मेल्या, आणि आठवड्यात कढीपत्ताही गेला. बायको खिडकीतून म्हणाली, "लोणचं घालताय का अंगणाचं?"

आषाढीच्या आदल्या दिवशी तुळशीची कुंडी सरकवली, तर खाली मातीत अंड्यांचा ढीग. पिवळसर, टपोरी, हुबेहूब भिजवलेला साबुदाणा. एका वेळी दोनशेच्या आसपास घालतात. एकादशीला आमच्याकडे वऱ्याचे तांदूळ झाले. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेवटी लातूरच्या मावसभावाला फोन केला. 2022 च्या खरिपात तिकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली होती. त्याने माझी कहाणी ऐकून घेतली आणि हसला. "सतरा? दादा, आम्ही पोती भरभरून उचलल्या." मग सुनावलं, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी टाक, सकाळी खाली गोळा झालेल्या वेच, मिठाच्या पाण्यात बुडव. अन् उघड्या हाताने धरू नको, मेंदूला सूज आणणारे जंत असतात त्यांच्यात.

तेव्हापासून मी रोज सकाळी सहाला दोन्ही हातांना ब्रेडच्या पिशव्या बांधून अंगणात असतो. पहिल्या दिवशी एक्केचाळीस सापडल्या. दूधवाला आता गेटबाहेरच पिशवी ठेवून जातो.

"अन् वाफ्याभोवती चुन्याचा पट्टा मार," भाऊ म्हणाला.

"चुना? अरे, चुनाच तर खातायत!"

"भिंतीवरचा जुना झाला की त्याचा दगड होतो, तो खातात. कोरडी ताजी भुकटी त्यांना पोळते. तिच्यावरून जात नाहीत. पाऊस पडून गेला की पुन्हा टाकायची."

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे चुना संपला होता. मग पेंटरलाच फोन करणं आलं. आधी गोगलगायींबद्दल सगळं सांगितलं, मागचं बोलणं मागे घेतलं, आणि म्हटलं, पाच किलो चुना पाठवाल का.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"पाठवतो साहेब," तो म्हणाला, "पण या वेळी लावणार तुम्ही. मी नाही."