कोळसा उगाळावा तितका

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण ज्याने कोणी रचली, त्याने बायोचारवर संशोधन केलेले असणार, याविषयी माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. वनस्पतींच्या टाकाऊ भागांचा कोळसा, म्हणजेच बायोचार, करून त्याने पाण्यातील शिशासारखे जड धातू काढायचे, हा माझा विषय असल्यामुळे सकाळी पांढऱ्या कोटात प्रयोगशाळेत शिरणारा मी सायंकाळी काळ्या कोटात बाहेर पडतो.

कृती ऐकायला सोपी आहे. वाळलेली टरफले झाकणबंद भांड्यात घालून भट्टीत ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. हवा न मिळाल्याने ती जळून न जाता कोळसतात. माझ्या पहिल्या भांड्याचे झाकण किंचित सैल होते, त्यामुळे हाती चिमूटभर राख आली. दुसऱ्या खेपेस कोळसा मिळाला, पण तो धुताना मी इतके पाणी काळे केले की मी नेमका कोणाच्या बाजूने आहे, असा प्रश्न एखाद्या नदीने विचारला असता तर मला उत्तर देता आले नसते.

अखेर शिशाच्या द्रावणातून ९९ टक्के शिसे नाहीसे झाले, आणि ही वार्ता मी मार्गदर्शकांना जवळजवळ धावतच सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, “सामू किती होता?” तो, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा पीएच, मी मोजलाच नव्हता. कोळशात राहिलेल्या राखेने पाणी अल्कधर्मी होते आणि अशा पाण्यात शिसे बरेचसे आपणहून साका होऊन तळाशी बसते. म्हणजे माझा कोळसा आयत्या बिळावरचा नागोबा असण्याची दाट शक्यता होती. शिवाय लिटरमागे ५० मिलिग्रॅम शिशातले ९९ टक्के गेले, तरी ५०० मायक्रोग्रॅम उरते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे. ९९ टक्के मिळवून नापास होणारा विद्यार्थी मी प्रथमच पाहिला, तोही आरशात.

आर्सेनिकने तर ताकास तूर लागू दिली नाही. कोळशाच्या पृष्ठभागावर बहुधा ऋणभार असतो, म्हणून धनभारित शिसे त्याला चिकटते. पाण्यातले आर्सेनेट मात्र स्वतःच ऋणभारित असल्याने दोघांचे जमेना, आणि शेवटी कोळशाला लोहाचा लेप देऊन मध्यस्थ नेमावा लागला.

आता टेबलाखाली वापरलेल्या कोळशाची पिशवी आहे. पाण्यातले शिसे कुठेही गेलेले नाही, ते माझ्या पायाशी येऊन बसले आहे. कोळसा पुन्हा वापरायचा, तर तो सौम्य आम्लाने धुवावा लागतो, म्हणून काल मी तो धुतला आणि शिसे पुन्हा पाण्यात उतरले. त्या पाण्याचे काय करावे, हे मी मार्गदर्शकांना विचारले, तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने बायोचार वापरून पाहण्यास सुचवले.