मेमरी ८० टक्के दिसली म्हणून रॅम घ्यायला धावू नका

फोंड्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक निरोप फिरतोय: ‘विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ७० टक्क्यांच्या वर गेली असेल किंवा फ्री मेमरी शून्याजवळ असेल तर रॅम कमी पडतेय. रॅम दुप्पट करा, वेग दुप्पट होईल. तोवर रॅम क्लीनर टाका आणि व्हर्च्युअल मेमरी बंद ठेवा.’ मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. चवथीच्या तोंडावर घरखर्चातले पैसे बाजूला काढून लोक रॅम (चालू काम हाताशी ठेवणारी मेमरी) मागायला येतात आणि निम्म्याहून अधिक जणांना तिची गरज नसते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ते ७० टक्के. ८ जीबीच्या मशीनवर ७० टक्के म्हणजे सव्वादोन जीबीच्या वर मेमरी अजून हाताशी आहे. ४ जीबीच्या मशीनवर तेच ७० टक्के म्हणजे जेमतेम सव्वा जीबी. आकडा एक, परिस्थिती वेगळी. शिवाय जागा असेल तर ब्राउझर आणि इतर प्रोग्रॅम ती वापरतात, विंडोजही त्यांना लगेच आवरायला जात नाही. त्यामुळे १६ जीबी टाकल्यावर टक्केवारी निम्मी होईल असंही नाही.

‘फ्री’ शून्याजवळ असणं तर बिघाडच नव्हे. नुकत्याच वापरलेल्या फायली विंडोज रॅममध्ये ठेवून देतं, पुन्हा लागल्या तर डिस्कवर जायला नको म्हणून. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुकानाच्या पायरीशी जागा रिकामी दिसली की कुणी बाई कोकमांची टोपली घेऊन बसते आणि दुकानदाराला जागा लागली की टोपली उचलते. ही राखीव मेमरी तशीच, मागितली की त्या क्षणी सुटते. म्हणून बघायचं ते ‘अव्हेलेबल’, म्हणजे मागितल्यावर मिळू शकणारी मेमरी, फ्री नव्हे. लिनक्सवाल्यांचाही हाच गोंधळ व्हायचा. २०१४ मध्ये कर्नलनेच (त्या सिस्टमच्या गाभ्यानेच) उपलब्ध मेमरीचा अंदाज वेगळा दाखवायला सुरुवात केली.

मग रॅम खरोखर कमी पडतेय हे ओळखायचं कसं? विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरी टॅबवर जा आणि ‘हार्ड फॉल्ट्स’चा (हवं ते रॅममध्ये न सापडल्याने डिस्कवरून आणावं लागलं, अशा वेळांचा) आलेख बघत रोजचं काम करा. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना तो उसळतोच, ते सोडून द्या. पण आधीच उघडलेल्या दोन खिडक्यांत ये-जा करतानाही तो वर चढून तिथेच राहत असेल, तर मशीन रॅममधलं सामान डिस्कवर नेतंय आणि परत आणतंय. रॅम साधारण १०० नॅनोसेकंदांत उत्तर देते, फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एक लाख पटींचा फरक. एका देवस्थानच्या कारकुनांच्या ४ जीबीच्या मशीनवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. हिशेबाच्या एक्सेलवरून ब्राउझरवर गेलं की पडदा पांढरा व्हायचा आणि डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता जळत राहायचा. त्यांना मी ४ जीबीची आणखी एक स्टिक (रॅमची पट्टी) घालून दिली. तिथे ती हवीच होती.

‘दुप्पट रॅम, दुप्पट वेग’ यावर डिचोलीची एक कॉलेजची मुलगी विश्वासली. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ७४ टक्के दिसले म्हणून तिने दुसरीकडून १६ करून घेतले. फरक शून्य. माझ्याकडे आली तेव्हा मेमरी निवांत होती आणि डिस्क मात्र मशीन सुरू झाल्यापासून १०० टक्क्यांवर अडकलेली. आत जुनी फिरती हार्ड डिस्क. एसएसडी (न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) बसवल्यावर त्रास संपला. तिचे रॅमचे पैसे वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. हा निरोप पुढे पाठवणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा.

क्लीनर टाकूच नका. तो प्रोग्रॅमची पानं (मेमरीतले तुकडे) रॅममधून हुसकावतो, आकडा खाली येतो, तुम्हाला बरं वाटतं. पुढच्या क्लिकला ती पानं परत आणावी लागतात, काही थेट डिस्कवरून. विंडोज १० पासून सिस्टम गरजेप्रमाणे मेमरीतलं सामान स्वतःच दाबून लहान (कॉम्प्रेस) करून ठेवते.

व्हर्च्युअल मेमरी बंद करणं, म्हणजे पेजफाइल (रॅममधलं सामान हलवायला डिस्कवर ठेवलेली फाइल) काढून टाकणं, तर सरळ धोक्याचं. प्रोग्रॅम प्रत्यक्ष वापरतात त्याहून जास्त मेमरी मागून ठेवतात आणि त्या मागणीची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल काढली की रॅम शिल्लक असतानाही प्रोग्रॅम बंद पडू शकतो, न साठवलेल्या कामासकट. ती सिस्टमवर सोपवा.

घ्यायचीच ठरली तर आधी मशीन उघडून बघा: स्लॉट (स्टिक बसवायची खाच) मोकळा आहे का, डीडीआर३ की डीडीआर४ (हे रॅमचे प्रकार, एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही), की रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. ३२ बिटची विंडोज १० असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम ती वापरणारच नाही.

आणि ८ जीबीच्या जागी अचानक ४ दिसायला लागले तर नवी घेऊ नका. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेने स्टिकच्या सोनेरी कडेवर पापुद्रा धरतो. वायर काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही, ती कड कोरड्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि स्टिक दोन्ही टोकांनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. गेल्या जुलैत अशा तीन मशीन आल्या, तिन्ही जुन्याच रॅमवर घरी गेल्या.