मॅपला हात लावू नका म्हटलं ना!

चार महिने. चार महिन्यांत माझी गाडी तीन गॅरेज फिरून आली आणि तिन्हीकडे तेच वाक्य ऐकलं, "साहेब, मॅप बघावा लागेल." मॅप म्हणजे इंजिनला किती पेट्रोल आणि कधी ठिणगी द्यायची याचा गाडीच्या कॉम्प्युटरमधला तक्ता. गाडी झटका मारते, मॅप. गाडी सकाळी उशिरा स्टार्ट होते, मॅप. उद्या आरसा तुटला तरी हे लोक लॅपटॉप काढून मॅपच उघडतील.

जुनी एस्टीम आहे. तेराशेचं इंजिन, त्यावर छोटा टर्बो, कंपनीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून बाहेरचा स्टँडअलोन ईसीयू बसवलेला. "एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड स्विफ्ट आली असती" हे सांगायचा मोह होत असेल तर आवरा. माझे बाबा ते रोज सांगतात. त्यांच्या पद्मिनीला कार्बोरेटर होता आणि त्याला दोन स्क्रू होते, हेही रोज सांगतात.

तर दुखणं असं. खंबाटकी घाट चढताना दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की ४,८०० आरपीएमच्या आसपास धाडकन झटका. इंजिन क्षणभर मेलेलं, लगेच जिवंत, पुन्हा मेलेलं. आणि हीच गाडी जागेवर उभी करून रेस द्या, ६,००० पर्यंत शहाण्या बाळासारखी जाते. म्हणजे गॅरेजमध्ये दाखवायला गेलं की काहीच नाही. डॉक्टरसमोर गेल्यावर दाढ दुखायची थांबते तसं.

पहिल्या गॅरेजवाल्याने निदान रस्त्यावर येऊन लॉग, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, घेतला. झटक्याच्या क्षणी लॅम्बडा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा (बरोबर असेल तर १), १.२ च्या वर उडालेला. झालं! "लीन होतेय, पेट्रोल पुरत नाहीये." फ्युएल पंप बदलला. फिल्टर बदलला. झटका तिथेच. मग साहेबांनी मॅपमध्ये त्या भागात आठ टक्के पेट्रोल वाढवलं. मग बारा. आता झटका तर आहेच, वर मागून काळा धूर आणि प्लग काजळीसारखे.

अरे दादा, लॅम्बडा सेन्सर पेट्रोल मोजत नाही रे, ऑक्सिजन मोजतो! सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही तर आत गेलेली हवा जशीच्या तशी सायलेन्सरमध्ये येते, सगळा ऑक्सिजन घेऊन. सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे. मिसफायर आणि लीन दोन्ही त्याला सारखेच दिसतात. प्रेशर गेज लावून झटक्याच्या वेळी पेट्रोलचं प्रेशर पडतं का एवढं बघितलं असतं तर पंपाचे पैसे वाचले असते. पण प्रेशर गेज लावायला बॉनेटखाली वाकावं लागतं. मॅप खुर्चीत बसून बदलता येतो.

दुसरा जास्त शिकलेला होता. त्याने सगळा दोष ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला दिला. आता ई-२० वर माझाही राग आहे, पण निदान हिशोब तरी करा. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या मॅपवर गाडी थोडी लीन चालणार, हे खरं. पण ती चालेल तर सगळीकडे सारखी लीन चालेल. फक्त घाटात, फक्त बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा), फक्त ४,८०० ला इथेनॉल जागं होतं का? यानेही मॅप बदलला. पहिल्याने बदललेल्यावर.

याच गॅरेजात एकदा डॅशवर कूलंट उणे ४० दाखवत होतं. पुण्यात! तोही म्हणे सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलंय, मॅपमध्ये बघू. कपलर काढून बघितला तर एक पिन मागे सरकलेली. सर्किट तुटलं की असल्या सेन्सरचा आकडा थेट तळाला जातो. नखाने पिन पुढे ढकलली, ८८ डिग्री. नखाने!

तिसऱ्याने ठिणगी देणाऱ्या दोन कॉइल बदलल्या आणि मग चेहरा पाडून, घरी कुणी गेल्यासारखा आवाज काढून सांगितलं, "साहेब, ईसीयूच गेलाय." नवीन डब्याची किंमत ऐकली आणि गाडी टो करून घरी आणली.

शनिवारी रात्री पार्किंगमध्ये बसून सगळे जुने लॉग उघडले. ज्या लॉगकडे बघून तिघांनी मिळून माझा खिसा रिकामा केला, त्याच लॉगमध्ये एक रकाना होता : ट्रिगर एरर. गाडी चालू करताना शून्य. पहिल्या झटक्याला एक. दुसऱ्याला दोन. प्रत्येक झटक्याला बरोबर एक वाढत गेलेला. चार महिने तो रकाना तिथे होता आणि एकानेही तो उघडला नाही.

क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर, ३६-१ चं चाक आहे, म्हणजे छत्तीस दात्यांच्या जागा आणि त्यातला एक दाता गाळलेला. सेन्सर पस्तीस दाते मोजतो, मोकळी जागा आली की ईसीयूला कळतं पिस्टन कुठे आहे. ४,८०० आरपीएमला सेकंदाला २,८०० दाते समोरून जातात. त्यात बाहेरून एक खोटा पल्स घुसला की हिशोब छत्तीस होतो, ईसीयू म्हणतो मला काही कळत नाही, आणि स्पार्क व पेट्रोल दोन्ही बंद करतो. पुन्हा मोकळी जागा सापडली की चालू. हाच तो झटका. म्हणजे ईसीयू गेला नव्हता, तो बिचारा एकटाच शुद्धीवर होता.

खोटा पल्स कुठून येतो? बूस्टमध्ये सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तेवढाच आजूबाजूच्या वायरींत गोंगाट. म्हणून घाटात होतं, जागेवर होत नव्हतं. क्रँक सेन्सरची वायर शोधत गेलो, तर ती कॉइलच्या वायरींबरोबर एकाच टेपमध्ये गुंडाळलेली, आणि तिच्या शील्डला, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या जाळीला, दोन्ही टोकांना अर्थिंग. शील्डला अर्थिंग एकाच टोकाला द्यायचं असतं, ईसीयूच्या बाजूला. ज्याने हे लूम (वायरींचा गुच्छ) बांधलं त्याने टेपिंग मात्र फार सुंदर केलंय. फोटो काढण्यासारखं.

आणि प्लग. मल्टिमीटर लावला तर वरपासून खालपर्यंत जवळजवळ शून्य ओम. पाच हजारांच्या आसपास यायला हवे होते. कोड बघितला, त्यात मधला आर नाही. रेझिस्टर नसलेले प्लग! म्हणजे ठिणगीचा गोंगाट दाबणारं आत काहीच नाही. गणपतीत सर्व्हिसिंगला दुकानदाराने "सेम टू सेम आहे" म्हणून दिले आणि कुणी आणले? मी. स्वतः स्कूटरवर जाऊन. झटका सुरू झाला त्याच्या पुढच्याच आठवड्यात, आणि मला हे जोडता आलं नाही. पहिल्या गॅरेजने काळे झाले म्हणून प्लग बदलले तेही त्याच कोडचे. हा राग कुणावर काढू?

आर वाले चार प्लग आणले. सेन्सरची वायर वेगळी काढली, एका टोकाचं अर्थिंग तोडलं. खंबाटकीत तीन फेऱ्या मारल्या. ट्रिगर एरर शून्य.

आणि आता गाडी पेट्रोल पितेय टँकरसारखी, कारण मॅपमध्ये तीन शहाण्यांनी ओतलेलं पेट्रोल अजून तिथेच आहे. पहिल्याला फोन केला, म्हटलं माझा मूळ मॅप दे. "सेव्ह नव्हता केला साहेब." दुसरा फोन उचलत नाही. तिसऱ्याने जाता जाता मॅपला पासवर्ड टाकून ठेवलाय. माझी गाडी, माझा ईसीयू, त्याचा पासवर्ड. मागितला तर म्हणतो, "गाडी घेऊन या, मॅप बघावा लागेल."