बॉम्बरचं मॉडेल जितकं घाण तितकं खरं? अजिबात नाही

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. "याच्या खोलीतून पेट्रोलचा वास येतोय, विचारलं तर काही सांगत नाही. तू ये." मी दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो, तसाच निघालो. भाचा आठवीत आहे. दिवाळीत त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरचं, मूळ विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं (1/72) प्लास्टिकचं जोडायचं किट मीच दिलं होतं. खोलीत पाहिलं ते असं: दार-खिडकी बंद, रंगावर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद, फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर स्टीलच्या वाटीत बाबांच्या स्कूटरमधून काढलेलं पेट्रोल आणि वाटीपासून हातभर अंतरावर मेणबत्ती, सुई, काडेपेटी. मेणबत्ती अजून पेटवलेली नव्हती.

"मामा, मेसेजमध्ये तसंच लिहिलंय," तो म्हणाला.

तो मेसेज मला आधीच चार जणांकडून आला होता, मी न वाचता पुढे सरकलो होतो. 'खरा बॉम्बर असा बनतो' या नावाने सात सूत्रं फिरताहेत. थोडक्यात ती अशी. एक, युद्धात विमान धुवायला वेळ कुणाला होता, म्हणून मॉडेल जितकं घाण तितकं खरं. दोन, पावसात उभी राहून विमानं गंजायची, म्हणून पत्र्याच्या जोडांवरून तांबूस गंजाचे ओघळ काढा. तीन, कुठल्याही बॉम्बरचा रंग उडून खालच्या धातूची चांदी दिसलीच पाहिजे. चार, प्रत्येक पॅनेल लाइनीत, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या खाचेत, काळा वॉश (पातळ केलेला रंग) भरा. पाच, वॉशसाठी महागडा थिनर कशाला, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चालतो. सहा, गोळ्यांची भोकं पाडायला सुई मेणबत्तीवर तापवा. सात, एक्झॉस्टच्या मागे काळी काजळी फासा.

पाच आणि सहा एकाच माणसाने, एकाखाली एक लिहिलेत. आधी तेच घेतो.

पेट्रोल शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते. वर उडून जात नाही, फरशीवर पसरत जाते. म्हणजे खाली मांडी घालून बसलेल्या मुलाच्या भोवतीच ती साचते, आणि पंखा बंद, खिडकी बंद म्हटल्यावर तिला बाहेर जायला वाट नाही. वाटी आणि ज्योत यांच्यात हातभर अंतर आहे म्हणून काही होणार नाही, असं त्याला वाटत होतं. वाफेला ते अंतर काहीच नाही. आग लागली नाही तरी पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, ते श्वासातून आत जातं आणि त्याने कर्करोग होतो हे वैद्यकाने केव्हाच मान्य केलेलं आहे. हेच पेट्रोल कुणी एअरब्रशमध्ये (रंगाचा फवारा मारायच्या साधनात) भरलं तर त्याचा फवारा उडतो आणि शेजारी कॉम्प्रेसरची मोटर चालू असते. याहून जास्त लिहायची गरज नसावी.

माणूस सोडा, मॉडेलचा विचार केला तरी हा सल्ला वाईटच आहे. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. पेट्रोल त्यात शिरून ते ठिसूळ करतं, आणि जिथे भाग ताणून चिकटवलेले असतात तिथे आधी तडे जातात. भाच्याच्या लँकेस्टरचा डावा पंख मुळाशी केसासारख्या रेघांनी भरलाय. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन तर पॉलिस्टायरीन सरळ विरघळवतं. मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर थेंब टाकून बघायचा होता.

वॉश स्वस्तात करायचा असेल तर ॲक्रिलिकचे दोन थेंब, पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, एवढ्यात होतो. आधी चकचकीत वार्निशचा हात द्यायचा, मग वॉश, आणि जास्तीचा ओल्या कापसाच्या काडीने पुसायचा. ऑइल कलर आणि टर्पेन्टाइन मोठ्यांनी वापरावं, तेही उघड्या खिडकीशी.

तापवलेल्या सुईबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. जुने मॉडेलर हे करत आलेत. पण त्याने वितळलेल्या कडा बाहेर फुगतात, आणि भोक गोळीचं न वाटता फोडासारखं दिसतं. शिवाय असं भोक घेऊन विमान दुसऱ्या दिवशी उडत नसे. तळावरचे रिगर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पत्रा दुरुस्त करणारे कारागीर, त्यावर ॲल्युमिनियमचं ठिगळ रिव्हेट करून वर रंगाचा हात मारत. म्हणून लढून आलेलं विमान दाखवायचं तर भोक पाडू नका, ठिगळ दाखवा. मास्किंग टेपमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा चौकोन कापा आणि त्यात आजूबाजूच्या विटलेल्या रंगापेक्षा किंचित ताजा, गडद रंग भरा. ज्योत लागत नाही.

आता गंज. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण फोटोत तो छान दिसतो आणि म्हणून पसरतो. लँकेस्टरची कातडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही. ते खराब होतं तेव्हा पांढरट भुकटी धरतं, रंगाखाली फुगवटे येतात. तांबूस ओघळ येतात लोखंडाला.

पुरावा हवा असेल तर एकच देतो, पण तो भक्कम आहे. आर5868 या क्रमांकाचं, 'एस फॉर शुगर' म्हणून ओळखलं जाणारं लँकेस्टर. 137 मोहिमा त्याच्या नावावर आहेत आणि नाकाच्या बाजूला बॉम्बच्या चित्रांच्या रांगाच्या रांगा आहेत. आज ते लंडनच्या हेंडनमधल्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये आहे. पण त्याआधी दहाएक वर्षं ते स्कॅम्प्टनच्या तळावर फाटकापाशी, इंग्लंडच्या पावसात उघड्यावर उभं होतं. युद्धातलं कुठलं लँकेस्टर इतकी वर्षं सलग पावसात उभं राहणार? तिथून आणून, दुरुस्त करून, नव्याने रंगवून ते म्युझियममध्ये ठेवलं. लोखंडाच्या पत्र्याचं असतं तर दुरुस्त करायला फार काही उरलं नसतं.

आणखी जवळचं सांगतो. त्याच म्युझियममध्ये लिबरेटर हे अमेरिकन बनावटीचं एक बॉम्बर आहे, केएन751. ते आपल्या हवाई दलाच्या 6 नंबर स्क्वाड्रनमध्ये पुण्याला होतं. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली लिबरेटर बंगळूरच्या एचएएलने पुन्हा उडती केली आणि ती आपण 1968 पर्यंत वापरली. 1974 साली हे विमान ब्रिटनला दिलं गेलं. आपल्या लिबरेटरांचे फोटो बघा, बहुतेकांचा पत्रा रंगाशिवाय उघडा आहे. कानपूरच्या उन्हात आणि पुण्याच्या पावसात तो निस्तेज झाला, तेलकट झाला, पण तांबडा झाला नाही. उघड्या धातूच्या लिबरेटरवर गंजाचे ओघळ काढलेली मॉडेलं मी या महिन्यात तीन पाहिली, आणि प्रत्येकाखाली 'अगदी खरं वाटतंय' अशी दाद होती.

गंजाचा रंग कुठेच नको असंही नाही. एक्झॉस्टच्या पोलादी नळ्या आणि त्यांच्यावरची झाकणं तापून तपकिरी पडत. तेवढ्या भागापुरता तो ब्रश उचला आणि लगेच ठेवून द्या.

चांदी दाखवण्याच्या सूत्राला एका वाक्यात उत्तर पुरेसं आहे: मॉस्किटो हे ब्रिटिश बॉम्बर लाकडाचं होतं. प्लायवुड आणि बाल्साच्या विमानावर चांदीचे पोपडे काढणारे लोक या मेसेजने तयार केलेत. वेलिंग्टन बॉम्बरच्या जाळीदार सांगाड्यावर कापड ताणलेलं असे, तिथेही खाली चांदी नाही. लँकेस्टरवर रंग उडे हे खरं, पण ठरावीक जागी: पंखाच्या मुळाशी माणसं चालत तिथे, मागच्या दाराशी शिडी घासे तिथे, इंजिनाची झाकणं रोज काढावी लागत त्यांच्या कडांना. स्पंजचा तुकडा घेऊन अख्ख्या पंखावर टिपके मारत सुटलं की त्यातून काहीच कळत नाही. शिवाय माप लक्षात ठेवा. 1/72 मध्ये एक मिलिमीटरचा पोपडा म्हणजे खऱ्या विमानावर 7 सेंटिमीटरचा.

पॅनेल लाइनींचंही तेच गणित. किटमधली खाच 0.3 मिलिमीटरची धरली तर खऱ्या विमानावर ती दोन सेंटिमीटरहून रुंद फट होते. त्यात काळा रंग ठासून भरला की विमान फरशा बसवल्यासारखं दिसतं. वॉश मूळ रंगापेक्षा एक छटा गडद असला की पुरे. लँकेस्टरच्या बाजू आणि पोट तर काळंच होतं, तिथे काळा वॉश दिसणारच नाही. करडा घ्या.

काजळीच्या सूत्रातही हीच गफलत आहे. काळ्या इंजिनावर काळी काजळी फासून काय दिसणार? त्या काळच्या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असे, आणि जळल्यावर शिशाचे क्षार मागे राहत, ते फिकट राखाडी. युद्धकाळातल्या लँकेस्टरच्या फोटोंत इंजिनांमागे पंखावर गेलेले पट्टे फिकट दिसतात ते म्हणूनच. लँकेस्टरच्या मर्लिन इंजिनाला दोन्ही बाजूंना एक्झॉस्ट असल्यामुळे पट्टे प्रत्येक इंजिनाच्या दोन्ही अंगांना हवेत. राखाडी आणि किंचित तपकिरी चॉक पेस्टल काचकागदावर घासा, भुकटी मऊ ब्रशने पुढून मागे ओढा. थिनर नको, पेट्रोल नको, वास नको.

राहिलं पहिलं सूत्र, 'धुवायला वेळ कुणाला होता'. वेळ काढावाच लागे. रात्री मशिनगनरच्या काचेवरचा एक डागही दूरच्या शत्रूविमानासारखा दिसे, म्हणून ते काचा घासून घासून पुसत, आणि काहींनी तर समोरची काचच कापून टाकली होती. विमानं उघड्यावर उभी असत, चाकांना चिखल लागे, इंजिनं तेल गाळत, हे सगळं मान्य. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. 7,377 लँकेस्टर बांधली गेली आणि त्यातली 3,000 हून अधिक मोहिमांवर गेली ती परत आलीच नाहीत. शंभर मोहिमा गाठणारी पस्तीसच्या आसपास. कित्येक विमानं काही आठवड्यांतच, रंग नवा असतानाच, सात-सात माणसांसह पडली. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडची 55,573 माणसं मेली. स्वच्छ लँकेस्टर बनवणाऱ्या पोराला 'हे खेळणं वाटतं' असं म्हणण्याआधी हे आकडे वाचा. त्याने बनवलेलं विमान कदाचित तिसऱ्याच रात्री गेलं असेल, आणि तेव्हा ते असंच दिसत असेल.

भाच्याच्या पंखावरच्या तड्यांत आम्ही रविवारी पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडणारा द्रव) सोडलं, ते वाळल्यावर काचकागद फिरवून पुन्हा प्राइमर मारला. पेस्टलची भुकटी त्याने स्वतः केली, एका बाजूचे पट्टे झालेत. मेसेज मला पाठवणाऱ्या चौघांना हे सगळं पाठवलं आहे. त्यातल्या दोघांच्या घरी बारा-तेरा वर्षांची मुलं आहेत.